तातेरावांची तिसरी फुंकर

दर वर्षी मार्चमध्ये मी श्वास मोजायचं यंत्र घेऊन वडीगोद्रीला जाते. त्या दिवशी तातेरावांच्या घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हायवेवरच्या ट्रकांची घरघर सोडली तर गल्ली झोपलेली होती.

तातेराव आणि त्यांचा दोस्त संपत पूर्वी पाइपलाइनच्या कामावर होते. पाइपांचे जोड किरणांनी तपासायचं काम. एकदा किरणांची गोळी तिच्या नळीतच अडकली. ठेकेदार म्हणाला, ओढून काढा. दोघांनी ती नळी छातीशी धरून ओढली. भाजलेली कातडी भरून आली. फुप्फुसं मात्र वर्षानुवर्षं आतून आवळत गेली. मागच्या दिवाळीत संपत गेला. दोघांच्या बारा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत.

प्रत्येकाने तीन वेळा फुंकायचं असतं. पडद्यावर उमटणारी रेघ ज्याची त्याची, सहीसारखी. तातेरावांची एकदम कोसळते. संपतची आधी अडखळायची, दारात थबकलेल्या माणसासारखी, मग खाली यायची.

तातेरावांनी फुंकर मारली. रेघ अडखळली, मग खाली आली. मी जुनी नोंद उघडून शेजारी ठेवली. संपतची.

"पुन्हा एकदा," मी म्हणाले.

दुसरीही तशीच.

पाण्याच्या निमित्ताने आत गेले. तातेरावांची बायको, कांताबाई, भाकरीचं पीठ मळत होत्या.

"यांच्यात काही फरक पडलाय का?" मी विचारलं.

त्यांचे हात थांबले. "तुमाला म्हणून सांगते मॅडम… दिवाळीपासून हे मला वहिनी म्हणून राह्यले."

"वहिनी कोण म्हणायचं तुम्हाला?"

"संपतभाऊ… दुसरं कोन्हीच न्हाई." त्या पुन्हा पीठ मळू लागल्या. "नवरा घरात हाय का न्हाई, कोनाला इचारू मी?"

मी बाहेर आले. खोलीत तापलेल्या लोखंडासारखा वास भरला होता. मला निघायचं होतं, पण दोन फुंकरींवर नोंद पूर्ण होत नाही.

तातेरावांनी नळी ओठांत धरली. फुंकण्याआधी माझ्याकडे पाहिलं… बराच वेळ.

रेघ उसळली. उंच, निरोगी. उतरताना तिला एक बारीक झटका बसला. ती कुणाची, हे मला नोंदीत शोधावं लागलं नाही. रोज सकाळी यंत्र तपासायला मी स्वतः फुंकायचे. तो झटका माझ्या श्वासाचा आहे.

"आता बिलकुल हलकं वाटून राह्यलं," तातेराव म्हणाले.

मी यंत्र बंद केलं, सामान आवरलं, कांताबाईंना न सांगताच निघाले.

तातेराव आता शेतापर्यंत चालत जातात, असं तिथली आशा कार्यकर्ती फोनवर सांगते. त्यांना बघायला मी परत गेले नाही. यंत्र तपासायला हल्ली ऑफिसातल्या मोनालीला फुंकायला लावते. तिने कारण विचारलं तर म्हणते, सर्दी झालीय.

चार महिने झाले.