प्रकृती स्थिर आहे

काम अगदी साधं होतं. अंबडजवळचं एक खासगी हॉस्पिटल वर्षभरापूर्वी बंद पडलं होतं आणि आता इमारत पाडायला काढली होती. तिथला जुना सर्व्हर अजून चालूच होता; तो बंद करून डिस्क काढून आणायची, एवढंच. त्यावरचा प्रोग्राम मी लिहिला होता, म्हणून मलाच बोलावलं.

मे महिना. भर दुपारी मी रिक्षातून उतरले तेव्हा गेटवर फक्त वॉचमन गोटीराम होता. दुसऱ्या मजल्याचं कुलूप उघडून दिलं आणि तो जिन्यातच थांबला. म्हणाला, "मी हितंच बराय, मॅडम."

सर्व्हरची खोली वॉर्डाच्या पार टोकाला होती. खाटा कधीच नेल्या होत्या, फरशीवर त्यांच्या पायांचे गंजके डाग तेवढे उरले होते. वर्षभर तिथे कोणी पोछा मारला नव्हता. तरी फिनेलचा वास ताजा होता, आत्ताच कोणीतरी बादली उचलून नेल्यासारखा.

तो प्रोग्राम काय होता ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नातेवाइकांना आत सोडत नव्हते. माणसं गेटबाहेर उन्हात बसून राहायची. त्यांच्यासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये मोबाईलवर उघडणारं एक पान बनवलं, आतल्या रुग्णाची प्रकृती सांगणारं. गंमत अशी, की ते पान कुठेच ठेवलेलं नसायचं. असायचा फक्त साचा, आम्ही त्याला टेम्प्लेट म्हणतो. खाट, नाव, प्रकृती, आणि प्रत्येकापुढे मोकळी जागा. कोणी मोबाईलवर लिंक उघडली की सर्व्हर त्या क्षणी जागा भरायचा आणि पान धाडायचा. मागणारा नसेल तर पानही नाही.

वॉर्डातून माहिती आलीच नाही तर काय, हा प्रश्न होता. कोरी जागा पाहून माणसं धास्तावतील असं मला वाटलं. म्हणून मी एक ओळ घालून ठेवली. माहिती नसेल तर छापायचं, 'प्रकृती स्थिर आहे'.

त्या दिवसांत माहिती भरायला वॉर्डात कोणाला फुरसतच नव्हती.

चांदवडचे मुबीन शेख अंबडला कारखान्यात लेथवर कामाला होते. त्यांची आई रोशनबी चौदा नंबरच्या खाटेवर होती. दोन दिवस ते गेटबाहेर बसून पान उघडत राहिले आणि दोन्ही दिवस पान सांगत राहिलं, प्रकृती स्थिर आहे. आई पहिल्याच दिवशी गेली होती. दफन झाल्यावर ते माझ्या ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, हे कोण लिहितं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "आपोआप येतं."

ते मान हलवून निघून गेले. चार वर्षं तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

तर त्या दुपारी डिस्क काढण्याआधी मी एकदा पान उघडून पाहिलं. यादी रिकामी यायला हवी होती, रुग्णांच्या नोंदी मी स्वतः पुसल्या होत्या. पण एक ओळ आली. खाट चौदा. रोशनबी शेख. प्रकृती: पाणी हवं आहे.

मी टेम्प्लेट उघडून अक्षर न् अक्षर तपासलं. ते शब्द त्यात नव्हते. नोंदीही शून्य. पान पुन्हा मागवलं.

'नळी टोचते आहे.'

पुन्हा मागवलं.

'बाजूची बाई हलत नाही.'

बाहेर ऊन रणरणत होतं. मागे रिकाम्या वॉर्डात आवाज सुरू झाला. लोखंडावर स्टीलचा पेला आपटावा तसा... सावकाश... थांबून थांबून... मी वळून पाहिलं नाही.

पान कोणकोण मागतं याची नोंद सर्व्हर ठेवतो. ती काढली. चार वर्षं एकाच मोबाईलवरून, रोज चाळीस-पन्नास वेळा. लिंक ज्या नंबरवर पाठवली होती तो नोंदीत होताच, मुबीनभाईंचा. मी लावला.

फोन मुबीनभाईंच्या बायकोने, तरन्नुमने उचलला. तिला सगळं कुणालातरी सांगायचंच होतं. त्यांचं काम कधीच सुटलं होतं, दिवसभर ते मोबाईल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. अम्मी बोलते म्हणायचे. तिने स्वतः शंभरदा पाहिलं होतं, तिला फक्त 'प्रकृती स्थिर आहे' दिसायचं. म्हणाली, "बंद करून टाका ते, मॅडम. हात जोडते."

मग फोन मुबीनभाईंनी घेतला. आवाज ओळखू येत नव्हता.

"थोडं थांबा, मॅडम... शेवटी काय झालं, ते तिने अजून सांगितलं नाही."

मी पान मागवलं. प्रकृतीपुढे लिहिलं होतं, 'हाका मारल्या. कोणी आलं नाही.'

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

"लिहिलंय... त्रास झाला नाही म्हणून. झोपेतच..."

पलीकडून मोबाईलच्या काचेवर बोट टेकवल्याचा टक्-टक् आवाज आला.

"मॅडम... माझ्यासमोर पण तेच पान आहे."

फोन कट झाला. मी सर्व्हरची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. पेला त्यानंतरही सहा-सात वेळा वाजला, मग थांबला. डिस्क पिशवीत टाकून मी जिना उतरले. 

तिसऱ्या दिवशी तरन्नुमचा फोन आला. मुबीनभाई सकाळीच घरातून निघून गेले होते. मोबाईल उशाशी ठेवून. अम्मीकडे जातो म्हणाले, तिला वाटलं कब्रस्तानात. तिथे कोणी पाहिलं नाही. मी धावत हॉस्पिटलवर गेले. गोटीराम शपथेवर म्हणाला, कोणी आलं नाही, आणि दुसऱ्या मजल्याचं कुलूप होतं तसंच होतं. आम्ही उघडून पाहिलं. आत नुसती फरशी. पोलिसांनी हरवल्याची नोंद करून घेतली. पुढच्या आठवड्यात इमारत पाडली.

तरन्नुम अजून दर शुक्रवारी फोन करते. काही कळलं का विचारते. मी नाही म्हणते.

डिस्क माझ्या कपाटात आहे, कशालाच जोडलेली नाही. तरी परवा दुपारी मी ती जुनी लिंक उघडली. पान आलं. एकच ओळ होती, खाट चौदा, रोशनबी शेख. प्रकृतीची जागा कोरी होती. तिच्या शेजारी एक नवा रकाना होता. तसा रकाना मी कधी केलाच नव्हता.

नातेवाईक: सोबत आहे.