मायामापक

टिपणीस डॉक्टरांच्या मनगटावरचा दिवा केशरी झाला तेव्हा कालिंदी हसत होती. दोन वर्षांच्या उपचारांत ती पहिल्यांदाच खळखळून हसली होती, आणि नेमकं तेच नडलं.

मनाच्या डॉक्टरांना आता मायामापकाची पट्टी बांधावीच लागे. लेकराला कुशीत घेताना आईच्या रक्तात जे द्रव्य वाढतं, तेच रुग्णात जीव गुंतू लागला की डॉक्टरच्याही रक्तात वाढतं. पट्टी त्याचा माग घामातून काढी. हिरवा म्हणजे अंतर राखलेलं, केशरी म्हणजे सावध, आणि लाल झाला की रुग्ण त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे. नियम काही वाईट नव्हता. माणूस सोडून जाईल या धास्तीनं त्याला ओरबाडून धरायचं, हाच कालिंदीचा आजार. अशा रुग्णांपायी चांगले चांगले डॉक्टर वाहवत गेले होते.

"मॅडम, हा दिवा रंग का बदलतो? मला कधी कुणी सांगितलंच नाही."

रुग्णाशी खोटं बोलायचं नाही, हा टिपणीस बाईंचा बाणा. त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

कालिंदीचं हसू मावळलं. "म्हणजे आधीचे दोघं डॉक्टर मला कंटाळून गेले नाहीत?"

"नाही गं. उलट."

"मी आवडायला लागले म्हणून गेले." ती दिव्याकडे बघत म्हणाली, "हे तर अजूनच वाईट झालं की हो, मॅडम."



पुढच्या मंगळवारी ती आली तीच तणतणत. "तुमच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं ते उगाच नाही. सगळ्या गावाला माहितीये. तुमच्याजवळ बसलं की थंडी वाजते माणसाला!"

बाईंची कानशिलं तापली. असा संताप त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता. माया पार ओसरली आणि दिवा लख्ख हिरवा झाला.

कालिंदीनं तो पाहिला आणि रोखलेला श्वास सोडला. "येते हं पुढच्या मंगळवारी," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली आणि दाराकडे वळली.

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. कुणी सोडून जाऊ नये म्हणून पोरीनं स्वतःला नकोसं करून घेतलं होतं. तिला बरं करायला निघालेल्या उपचारानं तिला हे शिकवलं होतं.  बाईंना माया आवरेना. दिवा केशरी झाला आणि लालीकडे झुकू लागला.

कालिंदी दारातून ते बघत होती. ती माघारी आली. डोळे भरलेले, पण आवाज धारदार. "मूल झालं नाही तुम्हाला, ते बरंच झालं. तुमच्या हाताखाली त्याचे हालच झाले असते."

टिपणीस बाईंनी मान खाली घातली. दिवा अजून केशरीच होता. बोल, त्या मनातल्या मनात म्हणत राहिल्या, अजून लागेल असं बोल.