मागच्या सीटवरचा दिवा

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली त्यानंच ती सांगितली, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

किर्गिझस्तानातलं कोचकोर गाव. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. संध्याकाळचे पाचच वाजले होते, पण डोंगराआड सूर्य कधीच गेला होता.

तालायच्या घरी लेकीला पाळण्यात घालायचा समारंभ होता. पाहुणे जेवून उठले होते. मात्र लेक अजून आईच्या, नूरझातच्या मांडीवरच होती.

कारण सोनून आपा आली नव्हती.

भावकीतली सर्वांत वडील बाई. पाच मुलं झाली, पाचही जगली. अशा बाईनं आशीर्वाद दिल्याशिवाय बाळाला पाळण्यात ठेवत नाहीत. पण गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि ती गावाबाहेर नारीनच्या रस्त्यावर एकटीच राहायची.

मेंढीचं शेपटाकडचं हाड, वडील बाईच्या मानाचं. नूरझातनं ते मांसासकट फडक्यात बांधलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"गरम आहे तोवर पोचव. आणि आशीर्वाद घेऊन ये. शब्द नीट लक्षात ठेव हं, नाहीतर येशील डोकं खाजवत!"

तालाय आपली टॅक्सी घेऊन निघाला.

वाटेत त्याच्या दोस्ताचं, एरमेकचं गॅरेज लागलं. तालायनं टॅक्सीच्या आतल्या दिव्यांसाठी मागवलेले एलईडी बल्ब आले होते.

"दहा मिनिटांचं काम आहे," एरमेक म्हणाला.

तालायनं बसवलेला एक बल्ब लागेचना.

"उलटा बसवलायस, गाढवा! याला सुलटं-उलटं असतं."

उलटून बसवला, लागला. पण दारं लावली तरी मागच्या सीटवरचा दिवा विझेना. मिणमिणत राहिला...

"करंट गळतोय," एरमेक म्हणाला. "जुन्या बल्बला एवढासा पुरायचा नाही. याला चिमूटभरही पुरतो. रेझिस्टर लावू, विझेल."

तास गेला. दीड तास गेला. शेवटी रेझिस्टर बसला, दिवा विझला. चहा झाला. फडक्यातून वास येत होता.

"म्हातारीच्या तोंडात दात किती रे?" एरमेकनं विचारलं.

दोघं हसले.

आणि दोघांनी तो वाटा खाल्ला.

आता रिकाम्या हातानं जायचं कसं? तालाय तसाच घरी वळला.

दारातच नूरझातनं विचारलं, "काय म्हणाली?"

तालायनं तोंडाला येईल तो आशीर्वाद रचला. लांबलचक. नूरझातचे डोळे भरून आले. तिनं आमीन म्हणत तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि लेकीला अलगद पाळण्यात ठेवलं.

सकाळी निरोप आला.

सोनून आपा गेली.

शेजारीण सांगत होती, "बाळाच्या पाळण्याचा वाटा येतोय म्हणाली. जेवणाची चादर अंथरून बसली होती. गाडीचा आवाज ऐकू यावा म्हणून दार उघडं ठेवलंन. एवढ्या थंडीत... सकाळी पाहिलं तर तशीच बसलेली. दाराकडे तोंड करून."

तालायनं सगळ्यांबरोबर माती दिली. सगळ्यांबरोबर रडला.

परतताना तिच्या घरावरून गाडी गेली, आणि...

मागचा दिवा लागला.

मिणमिणता नाही. लख्ख. दार उघडल्यावर लागतो तसा.

तो उतरला. चारही दारं बंद होती. पुन्हा उघडून आपटली. समोर डॅशबोर्डवर मागचं डावं दार उघडं असल्याची खूण तशीच पेटलेली.

दुसऱ्या दिवशी एरमेकनं दाराचं बटण बदललं, दुसरा रेझिस्टर लावला, शेवटी फ्यूजच काढला.

दिवा चालूच.

मग त्यानं बल्ब उपटून तळहातावर ठेवला. ना वायर, ना करंट.

तळहातावर तो तसाच जळत होता...

एरमेकनं तो पटकन तालायच्या हातात कोंबला. "घेऊन जा. मी हात लावणार नाही."

"पण दोष कशात आहे?"

एरमेकनं गॅरेजचं शटर खाली ओढलं. खाल्लं तर त्यानंही होतं.

त्या संध्याकाळी तालायनं नूरझातला सगळं सांगितलं. ती पाळणा हलवत होती. हात थांबला.

"म्हणजे ते शब्द?"

"माझेच."

"भूक लागली होती तर घरी येऊन मागायचंस. परातभर वाढलं असतं मी." आवाज जराही चढला नव्हता. "माझ्या लेकीला खोटा आशीर्वाद आणलास, तालाय?"

तिनं लेकीला उचललं. त्या रात्रीपासून लेक आईच्या दंडावर झोपली. पाळणा रिकामाच राहिला.

नूरझातनंच त्याला म्हातारीच्या घरी नेलं. उंबऱ्यावर उभं राहून त्यानं मोठ्यानं सांगितलं, "आपा, तुझा वाटा मी खाल्ला."

आत काहीच हललं नाही.

ना माफी. ना शाप.

याला तीन वर्षं झाली. गाडी विकायची त्याची हिंमत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात काय बांधायचं? बल्ब काढला तरी त्याच जागी उजेड असतो. प्रवासी कुरकुरतात, "अहो, डोळ्यावर येतोय, बंद करा ना तो दिवा."

"वायरिंगचा दोष आहे," तालाय म्हणतो.

लेक आता बोलते. परवा तिनंही मागून विचारलं, "बाबा, हा दिवा का जळतो?"

तिला मात्र वायरिंग सांगवेना. त्यानं आरशातून पाहिलं...

ती उजवीकडे सरकून बसली होती. डाव्या दाराशी एका माणसाची जागा सोडून.

तिला असं सरकायला कुणी सांगितलं, हे विचारायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.