डबी वाजते तिथं

ब्याऐंशी सालच्या तापात नागोजीचे डोळे गेले. तो माझा शाळासोबती. वडगावात राहायचा. घरातल्या पुढच्या खोलीत दोन माग होते, एक त्याचा आणि एक धाकट्या भावाचा, गुंडूचा. डोळे गेल्यावर नागोजीचा माग बंद पडला. काठी घेऊन फिरावं तर ती मागाच्या सुतात अडकायची. शेवटी तो दिवसभर भिंतीला टेकून बसू लागला.

मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. त्याच्यासाठी मी साबणाच्या डबीत बसेल असं एक सर्किट जुळवलं. डबीच्या एका छिद्रातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर पडायचा. समोर भिंत, खांब, माणूस काहीही असलं की तो त्यावर आपटून परत यायचा, शेजारचा सेन्सर तो टिपायचा आणि बझर वाजायचा. टप्पा हातभराचा. डबी गळ्यात अडकवून नागोजी पहिल्यांदा एकटा न्हाणीपर्यंत जाऊन आला, तेव्हा त्याची बायको जयाबाई चुलीपुढं बसून रडली.

पुढं काही दिवसांनी तीच कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, ती डबी परत न्या. ह्यांनी काल गुंडूभावजींवर काठी उगारली."

मी तसाच तिच्याबरोबर वडगावला गेलो.

"गुंडू माझ्यासमोर येऊन हुबा ऱ्हातोय, धर्मा," नागोजी म्हणाला. "दोन मागांच्या मधी. डबी वाजती. मी हात पुढं केला की मागं सरतोय. बोलत न्हाय. त्येला माझा माग पायजे."

"न्हाय वो, धर्माण्णा," गुंडू म्हणाला. "आईची शप्पथ."

खरं सांगायचं तर मला गुंडूचाच संशय आला. शपथ घेताना तो माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याला अंगणात माझ्या शेजारी बसवलं, जयाबाईला पलीकडं. नागोजीला म्हटलं, आत एकटाच फीर.

तेवढ्यात लाईट गेली. गल्लीतले विजेवरचे माग एकदम थांबले. एवढा वेळ कान भरून राहिलेला खडखडाट विरला आणि आतून बझर ऐकू आला. बारीक, लांबलचक, न थांबणारा.

गुंडूनं माझं मनगट धरलं.

आत गेलो. नागोजी दोन मागांच्या मध्ये उभा होता. त्याच्यासमोर मोकळी जमीन होती.

मी यंत्रावर संशय घेतला. कौलातल्या काचेतून ऊन येत होतं, म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलं. मागावरच्या साडीची जर चमकत होती, तिच्यावर घोंगडं घातलं. डबी वाजतच राहिली. मग प्रकाश सोडणाऱ्या दिव्याची तेवढी वायर काढली. बाहेरचा उजेड सेन्सरला फसवत असता, तर बझर तरीही वाजला असता. तो गप्प झाला. वायर जोडली. वाजला.

म्हणजे माझाच प्रकाश जात होता, कशावर तरी आपटत होता आणि परत येत होता.

डबी मी माझ्या हातात घेतली. दुसरा हात समोर फिरवला. बोटांना कापसाचे उडते तंतू तेवढे लागले.

एक पाऊल मागं घेतलं. वाजतच होती.

आणखी एक. वाजतच होती.

पाठ भिंतीला लागली.

"धर्मा," नागोजी हळूच म्हणाला, "आता तुझ्याकडं आलंय व्हय?"

मी बटण बंद केलं.

सर्किटमध्ये बिघाड आहे, असं सगळ्यांना सांगितलं आणि डबी पिशवीत टाकून निघालो. नागोजीनं भावाचे हात धरून माफी मागितली. गुंडूनं ती मनापासून दिली, पण त्याच आठवड्यात आपला माग उचलून सासऱ्याच्या घरी नेला.

दिवाळीत फराळाला गेलो. भरदुपार होती. नागोजी भिंतीशी बसला होता, चेहऱ्यावर तकाकी आली होती. गुंडू रोज येऊन आपल्याला देवळापर्यंत फिरवून आणतो, असं तो म्हणाला. गुंडूचा माग गेल्यानं खोली ऐसपैस वाटत होती. मधली जमीन शेणानं सारवलेली, स्वच्छ, रिकामी.

जयाबाई आतून चहा-फराळाचं ताट घेऊन आली. सरळ येता येता खोलीच्या मध्यावर तिची चाल मंदावली. तिनं ताट वर उचललं, पदर अंगाशी घेतला, थोडी तिरकी झाली आणि उभ्या माणसाच्या कडेनं निघावं तशी निघून पुढं आली. तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

"साखर कमी हाय का, भाऊजी?"

"न्हाय," मी म्हणालो. तेव्हा लक्षात आलं, मीही पाय आखडून घेतले होते.