मधल्या रेषेवरची ओल

ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटली तर बरंच आहे. मलाही ती खोटी वाटायला हवी होती.

पण त्या मैदानावर मी स्वतः उभा होतो.

गाव लाखांदूर तालुक्यातलं. नाव सांगणार नाही, माणसं अजून तिथंच राहतात. तारीख सांगतो. १८ नोव्हेंबर २०२३, आमच्या मंडईचा दिवस. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि आमच्या मंडईत कबड्डीचे सामने असतात. वेळ संध्याकाळी साडेचारची. चांगला उजेड होता. अंधारात भास झाला म्हणायची सोय नाही.

आधी आदल्या वर्षीचं सांगतो.

आमचं कबड्डी मंडळ लहान. बारा पोरं, एक मातीचं मैदान आणि अध्यक्ष पुंडलिकराव. चढाईला सगळ्यात भारी मोनू. तो मासेमारी करणाऱ्या घरातला. लहानपणापासून तलावात बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवायचा, त्यामुळे त्याचा दम तुटायचाच नाही.

मंडईच्या चार दिवस आधी सराव चालला होता. मोनूला आम्ही मधल्या रेषेजवळ पाडलं. मी त्याचा घोटा धरला. वर पाच जण पडले.

खालून त्याचं कबड्डी कबड्डी चालूच होतं...

मग थांबलं.

त्यानं तळहात मातीवर आपटला. एकदा... दोनदा... तीनदा.

"धरून ठेवा," पुंडलिकराव बाहेरून म्हणाले. "डरामा करून राहिला तो."

आम्ही धरून ठेवला.

आम्ही उठलो, मोनू उठला नाही. त्याच्या तोंडात माती गेली होती.

पुंडलिकराव म्हणाले, "मंडळ बंद पडन. तुमच्या पोलीस भरतीले डाग लागन. तलावात बुडाला म्हनून सांगजा." आणि आम्ही, ज्यांनी त्याच्या डब्यातली मासळी चाटूनपुसून खाल्ली होती, त्याला उचलून तलावात टाकून आलो. त्याच्या तोंडातली माती मी माझ्या बोटांनी काढली.

गावानं त्याला तलावातून काढलं आणि त्याच दिवशी जाळून मोकळे झाले. डॉक्टर नाही, पोलीस नाही.

त्याची आई, तुळसामावशी, रडली नाही. एवढंच म्हणाली, "माहा पोरगा पान्यात मरत नाई."

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

वर्ष गेलं, आणि मंडळानं जाहीर केलं... मोनू स्मृती चषक. बॅनरवर मोनूचा हसरा फोटो. त्याच्या दुप्पट मोठा पुंडलिकरावांचा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. आणि ते बॅनर बांधायला दोरी धरून मीच उभा होतो. थू आहे माझ्यावर.

मंडईच्या दिवशी सकाळी मधल्या रेषेजवळ ओल दिसली. तळहाताएवढी.

आम्ही कोरडी माती टाकली, वरून रेषा आखायची पांढरी फक्की मारली. ओल पुन्हा आली. जवळ नळ नाही. तलाव अर्धा किलोमीटर लांब.

दुपारी वास सुटला. सडलेल्या मासळीचा आणि तलावाच्या गाळाचा. बपेऱ्याहून आलेला एक खेळाडू बाजूला जाऊन ओकला. मी खुरप्यानं ओल खरवडली...

खाली माशाचे खवले होते. ओले, ताजे.

साडेचारला पूजेसाठी तुळसामावशीला आणलं. तिच्या हातात नारळ दिला. पुंडलिकराव माईकवर मोनूचे गुण सांगत होते, डोळे पुसत होते.

अचानक भोंगा बंद पडला.

माणसं गप्प झाली. मंडईतल्या पाळण्यांचा आवाजही थांबला.

आणि मातीखालून ऐकू आलं...

कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी...

बारीक आवाज. एका दमात. चढाई तीस सेकंदांची असते. हे कितीतरी वेळ चाललं.

मग थांबलं.

थप... थप... थप.

मावशीनं नारळ खाली ठेवला. वाकून त्या ओलीवर आपला तळहात टेकवला, आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. त्या सरावाला ती नव्हती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"मुन्ना," ती हळूच म्हणाली, "घोटा तूच धरला होता ना? सोड म्हनून राहिला तो."

मी उजवा हात पाठीमागे नेला.

"भोंगा पाहा रे, काय झालं," पुंडलिकराव म्हणाले. दोन मिनिटांत तो सुरू झाला. नारळ त्यांनीच फोडला. सामने झाले, चषक आमच्याच मंडळानं घेतला. जेवणाच्या पंगतीत सगळे पोटभर जेवले. त्या आवाजाबद्दल कुणीही, कधीही बोललं नाही.

भरतीत माझं काही झालं नाही. आता मी साकोलीत एका दुकानात कामाला आहे. उजव्या हाताच्या बोटांना गाळाचा वास येतो. साबण, लिंबू, फिनाइल, सगळं लावून झालं. मी चमच्यानं जेवतो. मालक म्हणतो, लेका साहेब झाला तू.

ती ओल अजून वाळलेली नाही म्हणतात. मावशी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसते.

लाखांदूरची एसटी दुकानासमोरूनच जाते. दोनदा स्टँडपर्यंत गेलो आणि परत आलो.

तुम्ही माझे कोणीच लागत नाही. तुम्हाला सगळं सांगून बसलो.

तिला अजून सांगितलेलं नाही.