न कापायच्या गवताचे गठ्ठे

"माझं गवत कुणीतरी कापलं," म्हणत ऑर्फा टेस्केने कुबडी खासगी तपासनीस आर्डिस कोलारच्या टेबलाला टेकवली.

"गवत कापायचंच असतं ना?" लोवेल फिंच म्हणाला. ओमाहा शहरात तीस वर्षे लोकांचे दात काढून दोन वर्षांपूर्वी तो या शेतकऱ्यांच्या गावात राहायला आला. लिलावात घेतलेली जुनी शेतीयंत्रे पुसावीत आणि आर्डिसची मोटार चालवावी, एवढाच आता त्याचा उद्योग होता.

"हे नाही, डॉक्टर. त्या साठ एकरांत पिकवायचं नाही, कापायचं नाही, म्हणूनच सरकार मला दरवर्षी पैसे देतं. जमिनीला विसावा, पाखरांना घर."

लोवेलच्या विजारीवर कॉफी सांडली.

"खुब्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे इस्पितळात होते. आले तर रान बोडकं. गुरुवारी सरकारी बाई पाहणीला येतेय. मीच कापलं असं ठरलं तर नऊ वर्षांचे पैसे परत, म्हणजे जमीनच विकायची. कापणाऱ्याने लिहून दिलं तरच सुटेन."

साठ एकरांवर वारा होता. हलवायला मात्र त्याला काही उरले नव्हते. गवताचे चौकोनी, पेटीएवढे गठ्ठे ऑर्फाच्याच कोठारात आढ्यापर्यंत रचलेले होते.

"डावीकडून ये," रानातून चालताना लोवेल म्हणाला. "घोटा मुरगळेल."

आर्डिसने वाटेवरचा गवताचा झुबका बुटाने सारला. खाली बिज्जूचे, म्हणजे जमीन उकरणाऱ्या रानप्राण्याचे, बीळ होते.

शेजारचा डेलमार व्होग्ट गाईंना पाणी दाखवत होता.

"दुष्काळात गवत तुलाच हवंय," आर्डिस म्हणाली.

"हवंयच. पण मी चोरलं असतं तर ते गाईंच्या पोटात असतं, तिच्या कोठारात नाही. आणि माझं यंत्र मोटारीएवढे गोल गठ्ठे करतं. असली खेळणी इथे कुणी करत नाही. शेजाऱ्याला लुबाडायची रीतही नाही आमची. गेल्या शरदात पलीकडच्या एमिलला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा सोळा जणांनी एका दिवसात त्याचा मका काढून दिला."

"मला कुणी बोलावलं नाही," लोवेल म्हणाला.

"मक्याला दात असतात, डॉक्टर, पण ते तुझ्या कामाचे नाहीत."

ऑर्फाचा भाचा रॉलिन ओट्यावर पाय पसरून बसला होता.

"करार मोडला तर मावशीला जमीन विकावी लागेल. ती स्वस्तात तुला मिळेल?" आर्डिसने विचारले.

"मिळेल. पण गवत पुन्हा उगवतं, आर्डिस. मोडायचाच असता तर नांगर फिरवला असता. आणि साठ एकर कापायचे? उन्हात? मावशीला विचार, मी तिची टपालपेटीही उन्हात उघडत नाही."

मोटारीत लोवेल कुजबुजला, "मला गावच्या पाद्र्याचा संशय येतो."

"का?"

"फार हसतो तो."

बुधवारी दुपारी आर्डिसने सगळ्यांना ऑर्फाच्या स्वयंपाकघरात बसवले.

"चोर गठ्ठे नेतो; हे तिच्याच कोठारात रचले. म्हणजे चोरी नव्हे, उपकार. आजाऱ्याचं पीक काढून देण्याची रीत आपलीच. पण हे रान राखीव आहे, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. न जाणणारा माणूस नवा. त्याच्याकडे छोटे गठ्ठे बांधणारं जुनं यंत्र हवं. गवताखाली झाकलेलं बीळ त्याला आधीच ठाऊक हवं. आणि न पिकवण्याचे पैसे मिळतात हे ऐकून त्याच्या हातून कॉफी सांडायला हवी."

सगळे लोवेलकडे वळले.

"कापायला सहा दिवस लागले," तो म्हणाला. "तू चोर शोधत होतीस, आर्डिस. मी चोर नव्हतो, म्हणून पहिल्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून भीतीने."

"मला तरी सांगायचंस, मूर्खा," ऑर्फा म्हणाली.

"इथे कुणी सांगून करत नाही ना. मला एकदा तसं करून पाहायचं होतं."

त्याने सगळे लिहून दिले, बिज्जूच्या बिळासकट. गुरुवारी सरकारी बाईने ते दोनदा वाचले, खोकल्याच्या आडून हसू दाबले आणि करार कायम ठेवून लोवेलला लेखी ताकीद दिली.

ती गेल्यावर डेलमारने टोपी उचलली, पण तो दारातच थांबला.

"सप्टेंबरात माझं पित्ताशय काढायचंय. चाळीस एकर सोयाबीन उभं असेल." तो बाहेर बघत होता. "डॉक्टर, पोरं सकाळी सहाला जमतात. पण आधी मला विचार, कुठलं शेत."