उत्तराची वाट न पाहणारे

राज्यभरचे फोन आणि यंत्रं जोडणाऱ्या मेघजालाच्या पुण्यातल्या नियंत्रण कक्षात डॉ. वसुधा गारगटेने रचलेला ‘द्वारपाल’ हा पहारेकरी प्रोग्राम नुकताच सुरू झाला होता. तिचा सहकारी इक्बाल शिकलगार अजून शंका काढत होता.

“मॅडम, लाखो मागण्या एकदम आल्या, तर माणसांच्या कुठल्या आणि हल्लेखोर यंत्रांच्या कुठल्या, हे याला कळतं कसं?”

“माणूस विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. सेवा बंद पाडायला निघालेल्या यंत्राला उत्तर नकोच असतं, ते नुसतं विचारत सुटतं. असं कुणी दिसलं की द्वारपाल त्याची वाट अंधकूपाकडे वळवतो. तिथून पुढे काही जात नाही.”

“मग आमच्या हिचा फोन लागायचा नाही कधी. मी तोंड उघडायच्या आत तिचे तीन प्रश्न झालेले असतात.”

वसुधा हसली, तेवढ्यात भिंतीवरच्या नकाशावर लाल ठिपके उमटले.

“हल्ला!” इक्बाल ओरडला. “पाटणकडून. हजारो फोन, सगळे अंधकूपात! पास झाला तुमचा द्वारपाल.”

पाटणला वसुधाची आई एकटी राहायची. पण वसुधाला खटकलं ते वेगळंच. ठिपके एका बिंदूभोवती गोल पसरत होते. कऱ्हाड लाल झालं, मग सातारा.

“हल्लेखोर जवळच्यांना आधी, लांबच्यांना नंतर कशाला जागं करेल? जाळ्यात सगळेच सारखे जवळ.” तिने वर्तुळाचा वेग काढला. “सेकंदाला साडेतीन किलोमीटर. इक्बाल, ही खडकातली लाट आहे. भूकंप! घाबरलेला माणूसही उत्तरासाठी थांबत नाही, हे मी धरलंच नव्हतं. द्वारपाल काढ. पुण्याला इशारा दे, आपला संदेश लाटेच्या आधी पोचेल.”

“आणि खराच हल्ला असला तर? सगळं मेघजाल बसेल.”

“बसू दे. काढ!”

इक्बालने द्वारपाल काढला. इशारा गेला. शहरभर लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून उघडल्या. दोघं टेबलाखाली शिरतात न शिरतात, तोच वरचे चहाचे कप खुळखुळले. मग जमीन हलली.

हादरे थांबले, तेव्हा वसुधाचा फोन थरथरत होता. भूकंपानंतर पाटणचं माणूस जे विचारतं, तेच आई विचारत होती : ‘जाणवला का गं?’ पुन्हा तेच. पुन्हा तेच.

‘जाणवला. तू बाहेर आलीस ना?’ वसुधाने लिहिलं.

आणि उत्तर यायच्या आत पुन्हा पाठवलं. आणि पुन्हा.